नर्सिंग, फिजिओ की बीएएमएस? शैक्षणिक कर्जाच्या फॉर्मवर सही करण्याआधी मांडायचा हिशोब

नीटचा निकाल लागला की आमच्याकडं फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो: "कुठली बँक कमी व्याजानं देते?" म्हणजे कॉलेज ठरलंय, सीट धरून ठेवायला पंचवीस हजार भरूनही झालेत, आता फक्त कर्ज शोधायचंय. पोरगी पास होऊन महिन्याला किती मिळवेल, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. बऱ्याच घरांत तो पहिला हप्ता कापला जातो त्या महिन्यात येतो.

ही चूक आमच्याच घरात झाली आहे. पुतणीच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी आम्ही वर्षाला दीड लाख असं चार वर्षांत सहा लाख कर्ज काढलं. हप्ता सुरू व्हायच्या आधी बँकेचं पत्र आलं, त्यात आकडा होता ८,१०,०००. भावानं पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. बँकेनं फसवलं नव्हतं, आकडा बरोबर होता. आम्हीच तो आधी मांडला नव्हता. खाली तोच हिशोब आहे, ज्या क्रमानं मांडायला हवा होता त्या क्रमानं.

तयारी: एक वही आणि सहा कागद

मोबाईलवर करू नका, वही घ्या. घरातल्या सगळ्यांना दिसली पाहिजे. सोबत ठेवा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर (लागू असेल तर), डोमिसाईल, वडिलांचा सिबिल रिपोर्ट (आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद), घरातल्या सध्याच्या सगळ्या कर्जांची यादी, आणि कॉलेजचं छापील फीपत्रक. तोंडी सांगितलेली फी वहीत लिहायची नाही.

सिबिल रिपोर्ट आधीच का? वडील सहकर्जदार असतात. ट्रॅक्टरचा किंवा दुचाकीचा जुना हप्ता थकला असेल, तर ऐन प्रवेशाच्या आठवड्यात बँक फाईल बाजूला ठेवते. रिपोर्ट दोन महिने आधी बघितला तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

टप्पा १: पदवी खरी आहे का, हे आधी

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि तरीही लोक तो गाळतात. कॉलेज महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (नाशिक) संलग्न आहे की अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं, ते बघा. पास झाल्यावर नोंदणी कुठल्या परिषदेत होणार तेही विचारा. नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, बीएएमएसला (आयुर्वेदाची पदवी) महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, फार्मसीला फार्मसी कौन्सिल. "पॅरामेडिकल डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी" असं पत्रक आमच्या कोल्हापुरात दसरा चौकात हातात पडलं, तर एकच विचारायचं: नोंदणी कुठल्या कौन्सिलची? उत्तर फिरवाफिरवीचं आलं की उठायचं.

इशारा: अभ्यासक्रमाची लांबी कॉलेजच्या माणसाला न विचारता नियमात बघा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं, बीएएमएस इंटर्नशिप धरून साडेपाच. फिजिओथेरपी साडेचार वर्षांची होती, नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच वर्षांची झाली आहे. तुमच्या प्रवेशाला कुठला अभ्यासक्रम लागू आहे ते लेखी घ्या, कारण एका वर्षाची जेवणखाण आणि एका वर्षाचं व्याज त्यावर अवलंबून आहे.

टप्पा २: पूर्ण खर्च, वर्षागणिक

ट्यूशन फी ही खर्चाची फक्त पहिली ओळ. प्रत्येक वर्षासाठी वेगळं पान करा आणि त्यावर ट्यूशन आणि डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, परीक्षा फी, विद्यापीठाची पात्रता फी, युनिफॉर्म, पुस्तकं, डिपॉझिट, येण्याजाण्याचा खर्च लिहा. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकून मंजूर आकडा काढा आणि फीपत्रकाशी ताडून बघा. अभिमत विद्यापीठाला ही चौकट लागू नाही, तिथं पुढच्या वर्षांची वाढ किती हे लेखी मागा.

"कागलहून रोज ये-जा करेल, होस्टेल नको" हे वाक्य मी बरेचदा ऐकतो. बी.फार्मसीला ते जमतं. नर्सिंगला पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम, सुरू झालं की सकाळी सातची ड्यूटी आणि अधूनमधून नाईट, तिथं ते जमत नाही. दुसऱ्या वर्षी होस्टेल घ्यावंच लागतं, मग ते पहिल्याच दिवशी वहीत का नसावं?

तपासा: एक वर्ष मागं पडलं तर? एक विषय राहिला तर सहा महिने जातात. वहीच्या शेवटी "जादा सहा महिने" अशी एक ओळ ठेवा आणि तिच्यापुढं मेस आणि होस्टेलचा आकडा लिहा. वापरावी लागली नाही तर उत्तमच.

टप्पा ३: फुकटचे पैसे आधी वजा करा

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, आणि तेही घाईत. राज्याची फी सवलत बहुतांशी कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच मिळते. संस्थास्तरावरची, म्हणजे मॅनेजमेंटची सीट घेतली की सवलत गेली. अभिमत विद्यापीठांतही ती नाही.

२०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळते, उत्पन्नाची मर्यादा तीच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची भारत सरकार शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिची मर्यादा २.५ लाख. होस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना बघा. सगळे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर आणि दरवर्षी नव्यानं.

आता ज्या घरात मुलीला पूर्ण माफी मिळू शकते, तेच घर पहिल्या राउंडला मनासारखं कॉलेज मिळालं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी मॅनेजमेंटची सीट घेतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या राउंडपर्यंत थांबण्याची किंमत शून्य होती, न थांबण्याची काही लाख.

इशारा: काही ठिकाणी पूर्ण फी आधी भरून घेतात आणि सरकारकडून पैसे आले की परत देतात. ते कधी येतील याचा भरवसा धरू नका. तेवढ्यापुरती रोकड लागेल, ती व्याजी पैशातून उभी करू नका. फी आधी मागितली तर योजनेचा शासन निर्णय पुढं ठेवून लेखी उत्तर मागा.

टप्पा ४: कमाई विचारायची कुणाला आणि कशी

कॉलेजला विचारू नका. ते सगळ्यात मोठा आकडा सांगतात, आणि तो एखाद्या मुलीच्या बाबतीत खराही असतो. दोन ते चार वर्षांपूर्वी पास झालेली पाच माणसं शोधा. कोल्हापुरात हे अवघड नाही. राजारामपुरीतल्या कुठल्याही नर्सिंग होमच्या काउंटरवर, सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारातल्या चहाच्या गाड्यावर, गल्लीतल्या मेडिकलमध्ये ती भेटतात. आपल्याकडं पगार विचारणं कुणाला खटकत नाही. विचारायचं ते मात्र नीट:

- बँकेत जमा किती होतात? (पगार किती, असं विचारू नका. पीएफ, मेस, खोलीभाडं कापून जे उरतं ते हवंय.)
- ड्यूटी आठ तासांची की बारा?
- पहिली नोकरी मिळायला पास झाल्यापासून किती महिने गेले?
- मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली का? किती वर्षांचा बाँड?
- दुसऱ्या वर्षी वाढ किती मिळाली?

पाच आकडे आले की वरचा खोडा, खालचा खोडा, उरलेल्या तिघांतला सगळ्यात लहान धरा. लोक सरासरी काढतात. सरासरी काढू नका. हप्ता पहिल्या वर्षापासून भरायचा आहे, आणि पहिलं वर्ष सहसा सरासरीच्या खालीच असतं.

सरकारी नोकरीचं काय? राज्यात स्टाफ नर्सची मूळ वेतनश्रेणी ३५,४०० पासून, औषध निर्माण अधिकाऱ्याची २९,२०० पासून, एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याची ५६,१०० पासून सुरू होते. बीएएमएस झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कंत्राटी २५,००० अधिक कामावर आधारित १५,००० पर्यंत असा मार्ग आहे. हे आकडे वहीत लिहा, पण वेगळ्या पानावर. जाहिरात निघेल, परीक्षा होईल, निकाल लागेल, कोर्टात कुणी जाणार नाही, हे सगळं जुळेपर्यंत हप्ता थांबत नाही.

बीएएमएसवाल्यांनी आणखी एक बघायचं. स्वतःचा दवाखाना काढायचा विचार असेल, तर पहिली दोन वर्षं कमाई शून्य धरा, वर गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, सुरुवातीची औषधं हा दुसरा खर्च. शैक्षणिक कर्ज फिटायच्या आत दवाखान्याचं कर्ज डोक्यावर येतं. मधली दोन वर्षं एखाद्या हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट म्हणून काढणारे डॉक्टर मला शहाणे वाटतात. फिजिओथेरपिस्टला सुरुवातीला पगार बेताचा असला तरी संध्याकाळी घरी जाऊन व्हिजिट करता येतात. ते उत्पन्न धरायचं असेल तर ज्यांनी केलंय त्यांनाच विचारून धरा.

टप्पा ५: हप्ता सुरू होईल त्या दिवशीचं कर्ज काढा

आमची चूक इथं होती. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं साधारण एक वर्ष हप्ता नसतो, याला मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता नसतो, व्याज असतं. या काळात ते सरळव्याजानं चढतं आणि भरलं नाही तर शेवटी मुद्दलात मिळवलं जातं.

पुतणीचं उदाहरण बघा. दरवर्षी १,५०,००० उचल, व्याज १० टक्के. पहिली उचल पाच वर्षं व्याज खाते, दुसरी चार, तिसरी तीन, चौथी दोन. एकूण चौदा वर्षांचं व्याज, वर्षाला १५,००० प्रमाणे २,१०,०००. सहा लाखांचे आठ लाख दहा हजार झाले ते असे.

आता हप्ता. १० टक्के व्याजाला एक लाखामागं दहा वर्षांसाठी साधारण १,३२२ रुपये आणि पंधरा वर्षांसाठी १,०७५ रुपये महिना, हे दोन आकडे पाठच करा. ८.१ लाखांना दहा वर्षांचा हप्ता सुमारे १०,७०० आणि पंधरा वर्षांचा ८,७००. हप्ता दोन हजारांनी उतरला, पण एकूण भरणा १२.८ लाखांवरून १५.७ लाखांवर गेला.

शिकत असतानाच व्याज भरत गेलो असतो तर? पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, पुढं ५,०००. मग हप्ता फक्त सहा लाखांवर, म्हणजे सुमारे ७,९०० बसला असता, आणि व्याज धरून एकूण भरणा ११.६ लाखांच्या आसपास राहिला असता. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरातही सवलत देतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तपासा: दर बदलता असतो. एक टक्का वाढला तर ८.१ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे ११,१५० होतो. तेवढी जागा घरात आहे का?

व्याज सवलतीच्या केंद्राच्या योजना आहेत. कौटुंबिक उत्पन्न ४.५ लाखांच्या आत आणि संस्था पात्र असेल तर मोरॅटोरियममधलं व्याज सरकार भरतं. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये ३ टक्के सवलत आहे. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते बघूनच वहीत लिहा. शैक्षणिक कर्जावरच्या आयकर सवलतीचं कौतुक एजंट फार करतात. ती सवलत फक्त जुन्या करप्रणालीत, फक्त व्याजावर मिळते. महिना अठरा हजार पगारावर मुळात आयकरच लागत नाही, मग सवलत घेणार कशातून? पतसंस्थेच्या कर्जाला तर ती नाहीच.

टप्पा ६: दोन आकडे शेजारीशेजारी

समजा, टप्पा ४ मधून कोल्हापुरातला हातात पडणारा पगार १८,००० आला आणि पुण्यातला २५,०००. सगळे पुण्याकडं बोट दाखवतात. मांडून बघा. कोल्हापुरात घरी राहून पेट्रोल, डबा, स्वतःचा खर्च ६,००० जातो, उरले १२,०००. पुण्यात खोली आणि मेस १२,०००, स्वतःचा खर्च ४,०००, उरले ९,०००. हप्ता १०,७००. कोल्हापुरात तेराशे उरतात, पुण्यात सतराशे कमी पडतात. आकडे तुमचे घाला, रीत हीच. बघायचं ते शिल्लक.

ही शिल्लक हप्त्याच्या किमान सव्वापट हवी, असं मी धरतो. बँकेचा तसा नियम नाही, माझा आहे. पुतणीच्या बाबतीत ती सव्वापटही नव्हती, म्हणून पहिली दोन वर्षं भावानं हातभार लावला.

हातभार लावायचा असेल तर तो कुठल्या महिन्यात येतो तेही लिहा. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, ते हप्त्याला चालतं. ऊस बिलाचं तसं नाही. ते हंगामात येतं आणि त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं. "ऊस गेला की भरू" म्हणणाऱ्याचे पावसाळ्यातले हप्ते थकतात, आणि सिबिल मुलीचंही बिघडतं, कारण कर्जदार ती आहे.

एमबीबीएसला हीच रीत लावून बघा. अभिमत विद्यापीठात सगळं मिळून एक कोटी कर्ज काढलं, तर मोरॅटोरियमचं व्याज न धरताही दहा वर्षांचा हप्ता १,३२,००० आणि पंधरा वर्षांचा १,०७,००० बसतो. वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१००. त्यात पीजीची तीन वर्षं मध्ये येतात. ज्यांच्या घरचं हॉस्पिटल आहे त्यांचा हिशोब निराळा, बाकीच्यांनी या ओळीपाशी थांबून परत बघा.

टप्पा ७: बसत नसेल तर

हिशोब बसला नाही म्हणून मुलीचं शिक्षण सोडायचं नाही, रक्कम खाली आणायची. आधी कॅपचे पुढचे राउंड. मग जवळचं कॉलेज, होस्टेल वाचवून. मग अभ्यासक्रम: तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नोकरी, नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी., हा मार्ग कमीपणाचा नाही. एक वर्ष थांबून पुन्हा नीट देणं हाही पर्याय आहे, पण क्लासची फी आणि गेलेल्या वर्षाची कमाई त्याच वहीत मांडून. परदेशातल्या नर्सिंगच्या नोकऱ्या खऱ्या आहेत. जर्मनीसाठी मात्र भाषा साधारण बी२ पातळीपर्यंत शिकावी लागते, तो खर्च आणि तो काळ धरल्याशिवाय तिथला पगार वहीत घेऊ नका.

टप्पा ८: बँकेत

साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. त्यावर मागतात, आणि इथं आपल्याकडची माणसं अडकतात. "चार एकर बागायत आहे साहेब" म्हणून सातबारा पुढं करतात. सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टात न जाता तारण विकून वसुली करता येते, पण शेतजमिनीवर तशी करता येत नाही, त्यामुळं बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. गावठाणातल्या घराचं प्रॉपर्टी कार्ड नसेल तर तेही चालत नाही. म्हणून जिथं जमेल तिथं कर्ज ७.५ लाखांच्या आत बसवा. ४ लाखांच्या वर साधारण ५ टक्के वाटा स्वतःचा भरावा लागतो, तो आधी बाजूला काढा.

मंजुरीपत्रात चार ओळी शोधा: दर बदलता की स्थिर, मोरॅटोरियम कुठल्या तारखेपर्यंत, व्याज मुद्दलात कधी मिळवणार, आणि विम्याचा हप्ता कर्जात धरलाय का. विमा कर्जातच जोडला असेल तर त्यावरही व्याज चढतं. विमा घ्यावा, पण रक्कम वेगळी दाखवून.

इशारा: मोरॅटोरियम निकालाच्या तारखेवरून मोजत नाहीत, कागदावरच्या अभ्यासक्रमाच्या शेवटावरून मोजतात. वर्ष मागं पडलं किंवा पुढं पीजीला प्रवेश मिळाला, तर मुदत आपोआप वाढत नाही. बोनाफाईड जोडून लेखी अर्ज द्या, अर्जाची एक प्रत स्वतःकडं ठेवा, आणि त्या प्रतीवर शाखेचा तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.